उन्हानं केलेलं तोंड

भोरच्या एसटी स्टँडजवळ वैष्णवीचा फोटो स्टुडिओ होता आणि तिच्या हाताला गुण आहे, असं सगळा तालुका म्हणायचा. लग्नाच्या पोरींना घेऊन आया लांबलांबून तिच्याकडंच यायच्या. मुरमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं ती कॉम्प्युटरवर अशी बेमालूम पुसायची की फोटोला हात लागलाय हे कुणाला कळायचं नाही.

एका बाजारच्या दिवशी चिमाजी आणि रतनबाई आले. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला त्यांचा धनगरवाडा. गुरं-शेरडं राखण्यात दोघांचा जन्म गेलेला. थोरल्यानं नवं घर बांधलं होतं, तिथं लावायला जोडीचा फोटो हवा होता.

वैष्णवीनं फोटो काढला आणि त्या दोघांवरून तिची नजर हलेना. रतनबाईच्या कपाळावरचं गोंदण, गालांवरचं सुरकुत्यांचं जाळं, चिमाजीच्या गालावर बिबट्यानं ओढलेला वण. असे चेहरे रोज येत नाहीत. तिनं ठरवलं, ह्या फोटोला माऊससुद्धा लावायचा नाही.

पुढच्या बाजाराला म्हातारा-म्हातारी फोटो न्यायला आली. रतनबाईनं फोटो उजेडाला धरला आणि तिचं तोंड उतरलं.

"समद्या पोरींची तोंडं धुऊन देतीस, माजंच का तसंच ठिवलंस?"

"आजी, तुमचा चेहरा असाच सुंदर दिसतो."

"कुणाला?"

वैष्णवी पुन्हा फोटोकडं बघू लागली.

"मला न्हाई दिसत," रतनबाई ठामपणे म्हणाली. "म्या जल्मभर उन्हात गुरांमागं हिंडले. हे तोंड उन्हानं केलंय, म्या न्हाई. सावलीत बसले असते तर कशी दिसले असते, ते मला बघायचंय."

वैष्णवी हसली नाही. तिनं खुर्ची ओढून रतनबाईला स्क्रीनसमोर बसवलं. "तुम्ही सांगाल तसं करते."

मग रतनबाई बोट दाखवत गेली. गालाच्या सुरकुत्या काढ. मानेवरच्याही. रंग जरा उजळ, पर पिठासारखा नको. गोंदणापाशी कर्सर गेला तशी ती गरजली, "त्याला हात लावू नगंस! ते माज्या आयनं काढून दिलंय, ते माजंच हाय."

चिमाजी मागं उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"ही कोण बाई? हिच्याशेजारी म्या न्हाई बसायचा."

"का वं?"

"रानात माज्यासंगं जी हिंडली, तीच पुसून टाकलीस. ह्या नव्या बाईला म्या वळखत न्हाई."

"आन तुमचा वण?" रतनबाई फणकारली.

चिमाजी वैष्णवीकडं वळला. "बरं आटवण झाली. टोपीच्या सावलीत नीट दिसत न्हाई तो. जरा ठळक कर, पोरी."

"बघ! ह्यांचा वण ठळक, आन माज्या सुरकुत्याबी ह्यांनाच पायजेत!"

चिमाजीला हसू फुटलं. रतनबाई मात्र हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "अवं, तुमाला बघायला म्या हायेच की घरात, सुरकुत्यांसकट. फोटू माज्यासाठी हाय."

चिमाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मग कर तिच्या मनासारखं," तो वैष्णवीला म्हणाला. "पर माजा वण इसरू नगंस."

फोटो तयार झाला. उन्हात कधी न गेलेली एक रुबाबदार बाई आणि वण मिरवणारा एक म्हातारा शेजारी शेजारी बसलेले. वैष्णवीला वाटत होतं की जोडी जुळत नाही; पण रतनबाईच्या डोळ्यांत जे समाधान होतं, ते खोटं नव्हतं.

"आजी, पहिला फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लावू? मला तो फार आवडलाय."

"तुज्या आवडीचा आत तुज्यापाशी लाव," रतनबाई म्हणाली. "रस्त्यावर मात्र माज्या आवडीचा."

वैष्णवीनं काचेत रतनबाईच्या आवडीचाच लावला. पहिला स्टुडिओच्या आतल्या खोलीत, स्वतःच्या टेबलासमोर.

त्याच दुपारी शिवऱ्याची प्रांजल आईबरोबर लग्नासाठी फोटो काढायला आली. फोटो काढून होताच आई सवयीनं सांगू लागली, "रंग दोन पट्टी उजळ करा, आणि नाक जरा—"

वैष्णवीनं खुर्ची प्रांजलकडं सरकवली. "ये, इथं बस. तू सांग."

प्रांजलनं गोंधळून आईकडं बघितलं, मग ती बसली. स्क्रीनवरच्या स्वतःकडं तिनं बराच वेळ टक लावून पाहिलं.

"नाक राहू द्या, आत्याचं आहे," ती म्हणाली. "केस तेवढे नीट करा. वाऱ्यानं पार वाट लावलीय."