सासूबाईंचे गुडघे

माझं काम म्हणजे संगणकात समुद्र खवळवणं. भूकंप झाला तर लाट किती वेळात येईल, पाणी गावात कुठवर शिरेल, ते पडद्यावर निळ्या रंगात दिसतं. एके दिवशी त्यात शाळा कोरडी राहिली. अकरा मीटर उंच टेकाडावर आहे म्हणे. म्हणजे लाट आली की अख्खं गाव तिथेच पळणार. त्याच दिवशी चार वाजताच्या बैठकीत नुसतं शिक्कामोर्तब बाकी. माझी लेक ठमी त्याच शाळेत, म्हणून मी जरा जास्तच खूश.

दुपारी घरी जेवताना ऐटीत सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "टेकाड? कुठलं गं टेकाड?"

"अहो आई, उपग्रहाने मोजलंय."

"मोजू दे. मी रोज ठमीला आणायला जाते. दोन पायऱ्या चढले तरी माझे गुडघे बोंब मारतात. शाळेपर्यंत हूं की चूं नाही."

माझं डोकंच फिरलं. पाच वर्षं खपून केलेलं मॉडेल, आणि परीक्षक कोण, तर गुडघे! "चला, दाखवतेच," म्हणत त्यांना घेऊन निघाले. रस्ता सपाट. शाळेभोवती मात्र उंचच उंच झाडं, एकाला एक खेटून. वर पाहिलं आणि चूक कळली. उपग्रहाने झाडांचे शेंडेच जमीन समजून मोजले होते.

धावत ऑफिस गाठलं, झाडांची उंची वजा केली, मॉडेल पुन्हा चालवलं. ठमीच्या वर्गात छतापर्यंत पाणी. बैठकीत उभी राहून म्हटलं, "माझं चुकलं." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी पाण्याच्या टाकीची टेकडी ठरली. तिथे गुडघे नक्की बोंबलतात, मी आधी विचारून घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात सराव झाला. भोंगा वाजला आणि ठमी नऊ मिनिटांत वर. सासूबाई पोचल्या सव्वीस मिनिटांनी. माझी लाट एकोणिसाव्या मिनिटाला येते.

"पोरगी पोचली ना? मग झालं तर," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"झालं काय डोंबल!" मी ओरडले, आणि मला रडूच फुटलं.

मॉडेलमधली सगळी माणसं आजवर माझ्या वेगाने पळत होती. सोमवारी मी सगळ्यांना सासूबाईंचे पाय दिले. पडद्यावर निम्मं गाव वाटेतच बुडालं. आता जवळच्या उंच जागा शोधतेय. सासूबाई बरोबर असतात. त्या जिथे थांबतात, तिथे मीही थांबते आणि घड्याळ बघते.