डावीकडचा पहारेकरी

खोटं कशाला बोलू, चिमणीचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अकरा वर्षं मी व्हिडिओ गेममधली माणसं बनवतोय, आणि ही काल आलेली पोरगी! वर तोंड भरून "काका, काका" करते.

कंपनीच्या मॅडमनी आम्हा दोघांना एकेक पहारेकरी बनवायला सांगितला होता. दाराच्या डावीकडे माझा, उजवीकडे तिचा. बाहेरची पाच माणसं गेम खेळणार आणि यातला कुठला पहारेकरी खरा माणूस चालवतोय असं वाटतं, ते सांगणार. ज्याला जास्त मतं, तो विभागाचा प्रमुख. चार मतांनंतर दोन-दोन. अकरा वर्षं घासून बरोबरी! माझ्याला साठ उत्तरं तोंडपाठ, तिचा नुसती मान खाजवून "काय म्हणालात?" विचारतो, तरी लोक त्याच्यावर फिदा.

पाचव्या होत्या एक नर्सबाई. मी गुपचूप माझा प्रोग्रॅम बंद केला, शेजारच्या खोलीला आतून कडी घातली आणि पहारेकरी स्वतःच चालवायला बसलो. उत्तरंही मीच टाइप करणार. म्हटलं, आता खऱ्या माणसाला कोण हरवतंय ते बघतोच!

गेममध्ये बाईंनी विचारलं, "माझा मुलगा हरवलाय. इकडून गेला का?"

मी लिहिलं, "नाही."

तेवढ्यात चिमणीच्या पहारेकऱ्यानं हातातला भाला भिंतीला टेकवला. "केवढा आहे हो?" म्हणाला. अरेच्चा, हे कधी घातलं हिनं? पठ्ठीनं पत्ताच लागू दिला नाही! आणखी काय काय करतोय ते बघायला मी माझा पहारेकरी त्याच्याकडे वळवला आणि बघतच राहिलो. नुसता जळत होतो.

खेळ संपल्यावर मी बाहेर आलो. नर्सबाई मॅडमना सांगत होत्या, "उजवीकडचा माणूस. डावीकडचा मशीन, शंभर टक्के."

"कशावरून?" माझा आवाज चढला.

"अहो, पोर हरवलंय म्हणून मी तीनदा विचारलं, आणि हा शेजाऱ्याकडेच टक लावून! माणूस असता तर एकदा तरी माझ्याकडे बघितलं असतं."

मॅडमनी तिथल्या तिथे चिमणीचं अभिनंदन केलं. ती मात्र माझ्याजवळ आली.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," हळूच म्हणाली. "तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी बारीकशी चूक असणार. उद्या दोघं बसून शोधू या?"

प्रोग्रॅममध्ये काही चूक नव्हती.

"शोधू," मी म्हणालो.