सोळावा खण

शनिवारी दुपारी लातूरला आईच्या घरी पोचल्यावर मंजुषानं पिशवीतून आधी पुस्तकं काढली, मग औषधं आणि सगळ्यात शेवटी, चोरून आणल्यासारखी, आयशॅडोची डबी. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेली, आयुष्यात काजळाच्या पुढे न गेलेली ही बाई. पण मामेभाऊ सोमेशचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि लग्नाच्या ग्रुपवर बायकांसाठी रोज नवा हुकूम सुटत होता. हळदीला पिवळं, संगीताला चमकतं, लग्नाला 'रॉयल'. ज्या घराण्यात संगीत म्हणजे शेजारच्या मंगल कार्यालयातून येणारा आवाज, तिथं आता रंगीत तालमी चालल्या होत्या.

पार्वतम्मांनी, म्हणजे तिच्या आईनं, अव्वानं, चष्मा लावून डबी उघडली. सोळा खण, प्रत्येकाखाली इंग्रजी नाव. मंजुषानं ती वाचून दाखवली. अव्वाला एकही पटलं नाही. तिनं बसल्या जागी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं.

"ह्यो तुरीचं वरण. ह्यो करपलेलं वरण. ह्यो जांभळा तुझा मामा, त्याच्या हातून कुणी माईक घेतला की होतो तसा. अन् ह्यो हिरवा लक्ष्मम्माचा. दुसऱ्याच्या घरी नवा फ्रिज उतरून राहिला की बघ तिच्याकडं."

लक्ष्मम्मा ही अव्वाची जाऊ, मंजुषाची काकू. भिंतीपलीकडे राहायची आणि भिंत नसल्यासारखी वागायची.

"अन् हा शेवटचा?" मंजुषानं विचारलं. सोळावा खण राखाडी होता, आत चांदीची बारीक चमक.

अव्वानं तो जवळ धरून पाहिला. "ह्यो तर भस्मच हाय की. दागिने घातलेलं भस्म."

मंजुषा आरसा घेऊन बसली तशी अव्वा हसायला लागली. "डोळा मिटल्याबिगर रंग लावता येईना अन् मिटला की दिसंना. कसलं शिकलीस गं तू? माझ्यावर लावून बघ."

तिनं चष्मा काढला, मान वर केली आणि डोळे मिटले. अण्णा, मंजुषाचे वडील, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ह्या चेहऱ्यावर भस्माच्या तीन पट्ट्यांखेरीज काही लागलं नव्हतं. आपल्या लिंगायत धर्मात विधवेनं कुंकू लावू नये असं कुठंही लिहिलेलं नाही, हे ईश्वरप्पामामा दरवर्षी व्यासपीठावरून ठणकावून सांगत. घरात मात्र हळदीकुंकवाचं ताट अव्वापाशी आलं की त्याला वळण लागायचं. मामा टाळ्या घेऊन घरी येत आणि ताट वळताना पेपर वाचत.

हाताच्या पाठीवर वरण झालं, मामा झाले, काकू झाली. मग मंजुषानं बोटाच्या टोकावर राखाडी घेतला आणि आईच्या पापण्यांवर हलके फिरवला. पापण्या थरथरल्या.

अव्वानं आरसा हातात घेतला. बराच वेळ घेतला.

"कशी दिसून राहिले, मंजे?"

मंजुषाकडे उत्तर होतं, तोंडाशी आलेलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"पूस, अव्वा," ती म्हणाली. "काकू आल्या."

अव्वानं पदरानं डोळे पुसले. काकूनं आल्या आल्या विचारलंच, "डोळ्याला काय झालं गं?"

"कांदा चिरला," अव्वा म्हणाली.

चारच्या बसला बसवताना ती फक्त एवढंच बोलली, "डबी राहू दे माझ्याकडं. लग्नाला येशील तवा घे."

रविवारी सकाळी सात वाजता मामांचा फोन आला. अव्वा पूजेला बसली, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, भिंतीला टेकली आणि गेली.

मंजुषा पोचली तेव्हा घर भरलं होतं. रीतीप्रमाणे अव्वाला बसतं ठेवलं होतं, गळ्यात हार, कपाळावर तीन पट्ट्या. काकू आलेल्या प्रत्येकाला सांगत होती आणि दर खेपेला हकिकत थोडी वाढत होती.

"कपाळाला तर समदेच लावतेत. हे डोळ्यावर आपोआप उमटलंय. मी आले तवा कसं चकाकून राहिलं होतं, बाप रे. आतून आलंय ते."

मामा कोपऱ्यात फ्लेक्सवाल्याशी फोनवर होते. "शिवशरणी पार्वतम्मा, असं मोठ्या अक्षरात. खाली, नेत्री भस्म प्रकटले. अन् डोळे जरा उजळ कर. न्हाई, उघडे न्हाई, मिटलेलेच."

मंजुषा आईसमोर बसली. उजव्या पापणीवर रंग बेताचा होता. डाव्या पापणीवरचा भुवईपर्यंत चढला होता. चष्मा काढून, चाचपडत लावलेला. तिनं उठून देवळीत हात घातला. भस्माच्या गोळीमागं डबी होती. सोळाव्या खणात बोटाएवढा खळगा पडला होता, शनिवारी नव्हता एवढा.

कशी दिसते ते कुणी सांगितलं नाही, म्हणून अव्वानं स्वतःच पुन्हा लावून पाहिलं होतं.

डबी पदराआड घेऊन मंजुषा तशीच उभी राहिली. गप्प बसलं तर अव्वा संत होत होती. मिरवणूक, फ्लेक्स, पुण्यतिथीला मामांचं भाषण. बोललं तर नवरा गेलेली बाई म्हातारपणी नटली एवढंच मागं राहणार होतं, आणि ते भिंतीपलीकडून रोज ऐकू येणार होतं. वीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या मंजुषाला गप्प बसण्याचा सराव दांडगा होता. तिनं गप्पच बसायचं ठरवलं.

तेवढ्यात काकू पुढं झाली. अनामिकेनं अव्वाची उजवी पापणी पुसून घेतली आणि बोट स्वतःच्या कपाळावर ओढलं.

"प्रसाद हाय," ती मागच्या बायकांना म्हणाली. "जास्ती घेऊ नका, समद्यांना पुरलं पाह्यजे."

मामांनी फोन ठेवून आपला नंबर लावला. त्यांच्यामागं रांग धरली गेली. अव्वाची उजवी पापणी आता जवळजवळ कोरी दिसत होती. मामांचं बोट डावीकडं वळलं.

"मामा, हात काढा."

आवाज आपलाच आहे हे मंजुषाला जरा उशिरा कळलं. तिनं डबी उघडून धरली.

"ते भस्म नाही. ह्या डबीतला रंग आहे. काल मी लावला होता. आज तिनं तिच्या हातानं लावला."

"दुःखात माणूस काहीबी बोलतं," मामा रांगेला म्हणाले. मग हळूच, "मंजे, ठेव ते आत. लोक काय म्हणतील?"

"काकूंच्या कपाळाकडं बघा. भस्म असं चमकतं का?"

सगळ्यांनी पाहिलं. ट्यूबलाइटखाली काकूचं कपाळ संगीताला निघाल्यासारखं झगमगत होतं. काकूचा हात पुसायला वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. चमत्कार असेल तर पुसणं पाप, नसेल तर ठेवणं पाप.

"म्हणजे पार्वतीनं," काकू म्हणाली, "ह्या वयात, कपाळाला कुंकू नसताना, असलं..."

"हाव," मंजुषा म्हणाली.

ती आईजवळ गुडघ्यांवर बसली. सोळाव्या खणातल्या खळग्यात, आईच्या बोटाच्या जागी, तिनं आपलं बोट टेकवलं. उजवी पापणी पुन्हा भरली. डावी, भुवईपर्यंत चढलेली, होती तशीच राहू दिली. मग मागे सरून आईकडे बराच वेळ पाहिलं, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"अव्वा, काल विचारलंस ना. लई छान दिसून राहिलीस."