सात सेकंद आणि बाळारामचा पाय

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. बटण दाबलं की माझा काटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो. एवढंच माझं काम. पण त्या धावण्या-थांबण्यात माणसांचा जीव कसा टांगला जातो, ते मला ठाऊक आहे.

माझी पहिली चाकरी भिवंडीच्या निजामपुऱ्यात, अब्दुर्रहमानशेठच्या कारखान्यात. कापड विणणारा लूम मिनिटाला किती ठोके मारतो ते माझ्यावर मोजत. शेठची पुतणी हमिदा रक्त तपासायचं शिकून आली, तेव्हा शेठनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं. "घे बेटी, लूमचे ठोके फार मोजले यानं. आता माणसांचं काम दे."

लॅबमध्ये काचेच्या नळीत रक्ताचं पिवळसर पाणी असे. त्यात औषधाचा थेंब पडला की माझा काटा सुटे. हमिदा नळी हलकेच तिरकी करत राही. पाण्यात पहिला धागा धरला की बटण दाबी. आमच्या लॅबच्या रीतीनं बारा-पंधरा सेकंद ठीक. त्याआधी धागा धरला, तर रक्त गोठवणारं फायब्रिनोजन जास्त. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मृणाली म्हणत, "हमिदाचं घड्याळ खोटं बोलत नाही." मग मात्र मी एकदा फरशीवर पडलं, आणि बटण मधूनच अडकू लागलं.

२००४ सालची एक दुपार. वडप्याच्या गोदामात कापडाच्या गाठी वाहणारा बाळाराम आला, सोबत बायको पार्वती. रक्तदाब चढलेला, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला धाडलेलं.

"गोळी रोज घेता ना, दादा?" हमिदानं विचारलं.

"डोका दुखला का घेतो. न्हाय दुखला तं कशाला खाऊ?"

"बैलाला रोज पेंड घालतो," पार्वती म्हणाली, "सोताला गोली घालाया याचा हात मोडतो!"

थेंब पडला. काटा सुटला. एक, दोन, तीन... सातव्या सेकंदाला धागा!

"बटण पुन्हा अडकलं की काय?" हमिदा माझ्याकडे बघत पुटपुटली. बाळाराम उठला. "घड्यालच बिघडलंय ताय. चल गं, कामाचा खाडा व्हईल."

मित्रांनो, त्या क्षणी माझी स्प्रिंग आवळून आली. खरं सांगूनही कुणी खोटं ठरवलं तर कसं व्हावं? तो दारापर्यंत गेला होता.

"थांबा, दादा!" हमिदानं मला कानाशी धरलं, चावी दिली, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दुसरी नळी घेतली. पुन्हा सात.

"पाय-बिय दुखतो का?"

"न्हाय."

"खोटा!" पार्वती उसळली. "पन्नास पावलं चालला का पोटरी धरून बसतो. मुकादम काढंल म्हनून बोलत न्हाय!"

हमिदाच्या हाकेसरशी शेजारून डॉक्टर धावत आल्या. "रक्त गोठायची घाई करतंय, एवढंच घड्याळ सांगतं. पाय बघू दे." डाव्या पावलावर बोटं ठेवली. सरकवली. पुन्हा ठेवली. पार्वती ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती,

"जो पाय गेला दारातून, तोच पाय येऊ दे,
देवा, माझ्या अंगणात त्याची धूळ राहू दे."

"नाडी लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दाब वर्षानुवर्षं चढलेला, पायाची रक्ताची नळी आतून अरुंद झालीय. आजच ठाण्याला. उशीर केला तर पाय जाईल."

"पाय गेला तं गाठी कोन उचलंल?" बाळारामनं दोन्ही हातांनी पोटरी धरली.

ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात ती नळी मोकळी केली. दोन महिन्यांनी तो नाक्यापासून लॅबपर्यंत चालत आला, एकदाही न बसता. दारात उभं राहून पाय आपटला. "बघ ताय, पाय हाय का न्हाय?"

पुढं नवं यंत्र आलं. मी कापसाच्या बोळ्यांसोबत खणात पडून आहे. गंज चढतोय, त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी डोकं दुखत नाही म्हणून गोळी टाळत असेल, तर त्याच्याशी भांडा. मला फक्त मोजता येतं. गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभं राहणं तुमच्याच हातात आहे.