त्यांचं त्यांना बोलू द्या

पेन्शन थांबली ती आमच्या यांच्या पायांमुळे. माणूस जिवंत असल्याचा दाखला दर वर्षी कचेरीत स्वतः जाऊन द्यायचा असतो. यंदा यांना झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, आणि तीन जिने उतरून कचेरी गाठणं काही जमलं नाही. कचेरीनं आपलं धरून टाकलं की माणूस गेला. इकडे मी यांना चमच्यानं भरवतेय आणि तिकडे कागदोपत्री मी विधवा. मी चार बुकं शिकलेली, पण जिवंत माणूस ओळखायला त्याहून जास्त शिक्षण लागत नाही.

थोरला म्हणाला, "खुर्चीत बसवू आणि चौघं मिळून उचलून खाली नेऊ."

हे कॉटवरून म्हणाले, "नको."

झटक्यानंतर यांचे दोनच शब्द पहिल्यासारखे शाबूत राहिले होते, हो आणि नको. त्यातला नको जास्त ठणठणीत. बाकीचे शब्द यायचे, पण अडखळत, एकेक अक्षर ओढत.

"चौघांनी उचलून न्यायची वेळ एकदाच यावी, असं म्हणतायत ते," मी थोरल्याला सांगितलं.

"बाबा तर एवढंच म्हणाले, नको."

"बाकीचं मला कळलं."

मला यांचं सगळंच न बोलता कळतं. जन्मभर यांनी पाण्याच्या पंपघरात नोकरी केली. तिथल्या धडधडाटात बोलून उपयोग नाही, म्हणून तोंड मिटून काम करायची सवय लागली, आणि ती सवय यांनी घरीही आणली. पण संसारात कुणी तरी बोलावं लागतंच. घरमालकाशी, मास्तरांशी, मुलींच्या सासरच्यांशी, सगळ्यांशी मीच बोलले. कुणाचं काही अडलं नाही. आता डॉक्टर सांगतो की त्यांचा शब्द त्यांना पुरा करू द्या, मध्ये तोंड घालू नका. डॉक्टरला सांगायला काय जातं. त्याच्या घरी गॅसवरचं दूध उतू जात नसेल.

धाकट्या सुनेनं मग भलतंच शोधून काढलं. "आई, आता कचेरीत जायची गरज नाही. मदतकेंद्राला फोन लावायचा. फोनमध्ये बाई समोर दिसते. बाबांनी तिच्याशी बोलायचं, की झाला दाखला."

"बाबांनी?"

"हो, बाबांनीच."

"मग झालंच म्हणायचं."

पण करून बघायला हरकत नव्हती. यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पाठीशी दोन उशा लावून बसवलं. खिडकीतून उजेड यावा म्हणून कॉट फिरवली. सुनेनं फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्टुलावर उभा केला. मी शेजारी वाटाणे सोलायला बसले. रिकाम्या हातांनी बसणं मला जमत नाही.

फोनमध्ये एक मुलगी आली. माझ्या नातीएवढी असेल. कानावर यंत्र, समोर कागद. बोलणं मात्र नीट, घाई नाही.

"आजोबा, मी तीन गोष्टी विचारीन. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शेवटची नेमणूक. उत्तर तुमच्याच तोंडून हवं. मध्ये दुसऱ्या कुणी उत्तर दिलं तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वेळ लागू दे. मी थांबते."

हे नाव सांगू लागले आणि पहिल्याच अक्षरावर अडकले. ओठ थरथरायला लागले. मी नाव सांगून टाकलं.

"आजी, पुन्हा पहिल्यापासून."

"अगं, बरोबरच सांगितलं की. नवऱ्याचं नाव मला नाही माहीत तर कुणाला?"

"बरोबरच असेल. पण मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

दुसऱ्या खेपेला मी ओठ घट्ट मिटले. नाव झालं. जन्मतारीख झाली, महिन्यापाशी जरा गाडं अडलं पण निघालं. मग शेवटची नेमणूक. हे म्हणाले, "गा..." आणि थांबले. कपाळावर घाम आला. मला ते बघवेना.

"पंपघर," मी म्हटलं.

मुलीनं समोरच्या कागदात बघितलं. "आजी, इथे वेगळं लिहिलंय."

"वेगळं कसं असेल? जन्मभर यांचा डबा मी भरलाय."

"तुमचं उत्तर मी धरलेलं नाही. पण आज आणखी एकदाच विचारता येईल. तेव्हाही असंच झालं तर फोनवरून दाखला मिळणार नाही. मग आजोबांना कचेरीतच आणावं लागेल."

यांनी ते ऐकलं होतं. डावा हात चादरीवर आवळला गेला.

सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही जरा आतल्या खोलीत बसता का?"

"माझ्याच घरात मला आत पाठवतेस?"

"बसू द्या त्यांना," फोनमधली मुलगी म्हणाली. "आजी, फक्त बोलू नका."

हे माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. पंपाचा दाब वाढला की हे काट्याकडे असे बघत उभे राहायचे, तो खाली यायची वाट बघत. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलंय. मी मूठभर वाटाणे उचलले आणि तोंडात कोंबले. आता बोलायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

पुन्हा नाव. आडनावाला एवढा वेळ लागला की सुनेनं डोळे मिटून घेतले. मी चावत राहिले. जन्मतारीख. मग ती मुलगी म्हणाली, "शेवटची नेमणूक?"

"गा... गाळ..."

गाळ कसला, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. वाटाण्यांनी अडवलं.

"गाळणी," हे म्हणाले. दम घेतला. "केंद्र."

"बरोबर, आजोबा."

तेव्हा मला आठवलं. निवृत्तीच्या आधी गुडघे दुखतात म्हणून यांना पंपांवरून काढून टेकडीवर पाणी गाळतात तिथं बसवलं होतं. माझ्या लेखी काय, इथं गेले काय नि तिथं गेले काय. डबा तोच, वेळ तीच. मी वाटाणे गिळले. कच्चे वाटाणे गिळणं सोपं नसतं.

"दाखला झाला," मुलगी म्हणाली. "थांबलेली पेन्शन पुढच्या महिन्यात मागच्यासकट जमा होईल. आता एक शेवटचं. यापुढे तुमच्या वतीनं बोलायला घरातल्या कुणाला नेमायचं असेल तर तशी नोंद करता येते. आजींचं नाव टाकू?"

मी हात पुसून नीट सावरून बसले होतेच. यात विचारण्यासारखं काय होतं.

यांनी वेळ घेतला. घेतला म्हणजे चांगलाच घेतला.

"नको."

"नको?"

"मी... बोलेन."

सून माझ्याकडे बघेना. वाटाण्यांच्या सालांकडे बघत राहिली. माझ्याकडे म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. इतकी वर्षं लोकांशी भांडून यांची रजा, यांची बढती, यांच्या मुलांची शाळा मी ओढून आणली, ती काय मुकी राहून? पण यांचा चेहरा घामानं भिजला होता, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर कामावरून घरी आलेल्या माणसाचा थकवा होता. आजाऱ्याचा नव्हे.

"आजी, आता तुम्ही बोललात तरी चालेल," ती मुलगी म्हणाली.

"मी कशाला बोलू? ते सांगतायत तसं लिही."

तिनं लिहिलं.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. "काय झालं गं? झाला का दाखला? की रविवारी माणसं आणू खुर्चीसाठी?"

हे जागे होते. मी फोन यांच्या डाव्या हातात दिला आणि आधी त्यात वाकून म्हटलं, "बापालाच विचार. आणि मध्ये बोलू नकोस, त्यांना वेळ लागतो."

मग मी वाटाणे शिजायला टाकायला आत गेले. दार उघडंच ठेवलं.