एक चिलीमभर

‘कुनाची ही बाटली? धनी कुठं गेला हिचा?’

सावळेरामने घासलेटचं माप डब्यात तसंच बुडवून ठेवलं आणि रांगेकडे बघून आवाज दिला. नारायणगावात रमणलाल शेटच्या दुकानी माप घालायचं काम त्याच्याकडे होतं. पायरीवरच्या बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली होती, आणि तिच्यामागे माणूस नव्हतं.

‘प्रयागबाईची हाय,’ चौदा-पंधरा माणसं सोडून मागे उभा असलेला बहिरू म्हणाला. ‘सुनंला ताप चढल्याचा सांगावा आला, म्हनून घरी पळाली. येती म्हनलीय.’

‘येती म्हनून गेलेलं मानूस ह्या दिसांत माघारी येतंय व्हय?’ कुणीतरी खेकसलं. ‘सरकव ती बाजूला. आमाला काय कामंधंदं न्हाईत?’

‘आसं कसं राव?’ बहिरू त्याच्याकडे वळला. ‘पानवठ्यावर घागर ठिवली म्हंजे मानूस उभं हाय, आसंच धरतो ना आपुन? मग हितं बाटलीनं काय घोडं मारलंय? एक चिलीमभर थांबायचं. आली तर आली, न्हाईतर बाटली मागं.’

रीत त्याने काढलेली नव्हती. दुष्काळात विहिरीचं पाणी झिरपून जमायची वाट बघताना आख्ख्या मुलखाने ती पाळली होती. बाटली ठेवून माणसाने सावलीत बसावं, मागच्याने ती पुढे सरकवावी, आणि पाळी आली तेव्हा धनी जागेवर नसेल तर एक चिलीम ओढून होईपर्यंत सगळ्यांनी थांबावं. पुढच्या एका म्हाताऱ्याने मुकाट्याने चिलीम काढली. बहिरूला बरं वाटलं. चारचौघांत आपल्या शब्दाला मान मिळाला की कुणाला बरं वाटत नाही?

कळंबच्या बहिरू धनगराला थांबणं नवीन नव्हतं. उभी हयात त्याने मेंढरांमागे काठीवर भार देऊन उभं राहण्यात काढली होती. बेल्ह्याच्या बाजाराला हा पहाटे निघायचा आणि दिवस कलल्यावर मिरच्या घ्यायचा, का, तर उठत्या बाजाराला भाव उतरतो. घोंगडी विकताना गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं, पण हा कंटाळायचा नाही. ‘येळ का इकत आनायचाय? देवानं फुकट दिलाय,’ असं तो म्हणायचा. त्यावर त्याची बायको बाळाबाई म्हणायची, ‘फुकट दिलाय म्हनून उधळा सगळा. आमाला कवा द्याल त्यातला?’ आणि हसायची. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. गरिबाच्या घरात असा एक माणूस लागतोच.

ते एकोणीसशे अठरा साल होतं. लढाई कुठे साता समुद्रापार चाललेली, आणि घासलेट मिळेनासं झालं ते इथे. पावसाने तोंड फिरवलेलं. करडीचं तेल भाजीत थेंबभर घालायला मिळेना, मग ते पणतीत कोण जाळतो! आणि हे कमी होतं म्हणून दसऱ्याच्या तोंडावर मानमोडीच्या तापाची साथ आली. सकाळी मोटेवर असलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर. पोचवायला गेलेल्या चौघांपैकी एखादा तिथूनच कण्हत घरी यायचा.

बाळाबाईला चार दिवसांपूर्वी ताप चढला. पहिल्या दोन रात्री ती निपचित होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला जवळ बोलावलं.

‘अवं, रातच्याला तुकी येती.’

तुकी त्यांची एकुलती एक लेक. गाठीच्या तापात गेली त्याला वीस वर्षं झाली होती. सात वर्षांची होती.

‘तापाचं बोलतीयास तू. गप पड.’

‘न्हाई वं. त्या कोपऱ्यात हुबी ऱ्हाती. काय बोलत न्हाई. पन अंधारात तोंड दिसंना. ती कशी दिसायची त्येच मला आठवंना झालंय. दिवा पायजे मला. एकडाव बगते तिला.’

‘चुलीत लाकूड घालतो की.’

‘चुलीचा उजेड हालतो. ती जाती मग.’

चिमणीतलं घासलेट कधीच संपलेलं होतं. आज पहाटे तो बाटली घेऊन निघाला तेव्हा तिने त्याचा हात धरला. हात तव्यासारखा तापलेला होता. ‘रमणलालकडं रांग आसती. खेमचंदकडं घ्या आन् या. चार पैकं जास्त जाऊंद्या. आजच्या दिस नगा थांबू कुठं.’

‘आत्ता जातो आन् आत्ता येतो,’ तो म्हणाला. शेजारच्या झुंबरबाईला लक्ष ठेवायला सांगून तो तीन-चार कोसांची वाट तुडवत, दिवस कासराभर वर येतो न येतो तोच नारायणगावात पोचला होता. कनवटीला लोकर विकल्याचे सहा आणे होते. खेमचंदच्या दुकानी बाटलीला बरोबर सहाच आणे पडत, आणि रमणलालच्या दुकानी सरकारी भावाने दोन. दोन्ही दुकानं समोरासमोर. खेमचंदच्या पायरीवर चिटपाखरू नव्हतं. बहिरू तिथे क्षणभर थांबला, हे खोटं नाही. पण चार आणे म्हणजे गड्याची दिवसाची मजुरी. तेवढ्यात बाळाबाईच्या पेजेला तांदूळ येतील, असं त्याने मनाशी म्हटलं. रांग काही फार मोठी दिसत नव्हती. वीस-पंचवीस तर होते. तो शेवटी जाऊन उभा राहिला.

रांग त्याने नुसती लांबी बघून जोखली. तिच्यात माणसं किती आणि धन्यावाचून ठेवलेल्या बाटल्या किती, हे त्याने बघितलंच नाही.

चिलीम विझली तरी प्रयागबाई आली नाही. बाटली मागे गेली. पुढे तिघांची मापं झाली आणि सुतळी बांधलेली बाटली आली. पुन्हा चिलीम भरली गेली. चिलीम अखेरीला आली तेव्हा तिचा धनी खोकत, धोतर सावरत आला आणि त्याने सगळ्यांना हात जोडले. ‘बगा,’ बहिरू म्हणाला, ‘आला का न्हाई मानूस?’ पुढची बाटली आली. हिचा धनी मात्र समोरच होता. लिंबाखाली धोंड्यावर डोकं ठेवून पडला होता, आणि हाका मारल्या तरी उठत नव्हता. दोघं जवळ गेले, वाकून बघितलं, आणि मागे सरले. चिलीम तेवढी पूर्ण झाली.

ऊन डोक्यावर आलं. शेट जेवायला गेले. दुसरा डबा ते आल्यावरच फुटणार होता.

‘पावनं,’ समोरून खेमचंदने हाक मारली, ‘उन्हात का वाळताय? आत्ता भरून देतो.’

‘तिप्पट पैकं घ्यून?’

‘उन्हाचे पण धरा की त्यात,’ खेमचंद म्हणाला. मग त्याने बहिरूचा चेहरा नीट बघितला आणि आवाज उतरवला. ‘घरी कोण आजारी आहे का, बाबा?’

‘हाय. बायकू.’

‘मग जा की. पाच आण्याला नेता का?’

बहिरूचा हात कनवटीला गेला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याने जायचं ठरवलंच होतं. पण पुढे बघितलं तर नऊच उरलेले. सकाळपासून उभा राहिलो ते काय ह्यासाठी, असं मनात आलं. आता सोडलं तर सकाळही गेली आणि पैकंही गेलं. आणखी घटकाभर, बस्स. माणसाचं डोकं असं फिरतं बघा. जितका जास्त थांबतो तितकं निघणं जड होतं.

त्या नवांत तीन नुसत्या बाटल्या होत्या.

पहिलीला चिलीम पेटली. बहिरूला बाटल्या बाटल्यांसारख्या दिसेनात. काच उन्हात चमकायची आणि त्याला वाटायचं, माणूसच उभं आहे, हिरवं, गळ्याला चिंधी बांधलेलं, तोंड नसलेलं. कानाशी कुणीतरी सारखं विचारत होतं, आलात का? आलात का? त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या बाटलीला तो पुढे झाला. ‘आता ऱ्हाऊंद्या की ती चिलीम. लई येळ झाला. सरकवा बाजूला.’

सकाळी खेकसलेला माणूस त्याच्याकडे बघत राहिला. हसला नाही, चिडलाही नाही. ‘बहिरूबा,’ तो म्हणाला, ‘सकाळच्या बाईला एक न्याव आन् ह्याला दुसरा? आन् मी आत्ता घरी बायकूला बगून यायला चाललोय. माझी बी बाटली हितंच हाय. मला थांबनार का न्हाई तुमी?’

बहिरू मागे आपल्या जागेवर गेला. चिलीम पेटली. नंतर तिसरीही पेटली.

दिवस तिसऱ्या प्रहराला कलला तेव्हा त्याची बाटली भरली. ‘भरली बगा काठोकाठ,’ सावळेराम म्हणाला. बहिरूने दोन आणे ठेवले आणि तो अक्षरशः पळत सुटला. वाटेत मोट चाललेली नव्हती, गुरं रस्त्यावर नव्हती. दोन मयती भेटल्या. दोन्हींना त्याने वाट दिली. सगळा रस्ता कुणीतरी हलक्या पावलांनी मागून येत होतं. लहान पोराची असावीत अशी पावलं. तो थांबला की थांबायची. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

कळंबचा माळ आला तेव्हा दिवस मावळत होता. दाराशी झुंबरबाई बसली होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तिथेच बहिरूला कळलं.

‘कवा?’

‘दुपारीच. उनं डोक्यावर व्हती, भाऊ. दारातनं ह्यो लख्ख उजेड आत आलेला, आन् ती म्हनं, दिवा लावला का? म्या म्हनलं, लावलाय, बाई. तर म्हनं, मंग मला दिसंना कशी?’ झुंबरबाई दारातून बाजूला सरकली. ‘तुमी दुपारच्या आत याल आसं वाटलं व्हतं.’

बहिरू आत गेला. बाळाबाईचं तोंड कोपऱ्याकडे होतं. डोळे मिटवले होते, पण मान तिकडेच वळलेली. तो तिच्याजवळ बसला आणि त्याला हमसून हमसून रडू आलं. ‘मी आलो असतो गं,’ तो तिला सांगत राहिला, ‘सकाळीच आलो असतो.’ आणि ते खरं होतं, हेच वाईट होतं. मग तो उठला, चिमणी काढली आणि बाटलीचं बूच ओढू लागला.

झुंबरबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. ‘घासल्याट नगं, भाऊ. मड्याच्या उशाला घासल्याट चालत न्हाई. गोडंत्याल लागतं. घरात हाय का?’

घरात नव्हतं. तेलाची बुधली महिन्याभराची कोरडी होती. दिवसभर उन्हात उभं राहून वाचवलेले चार आणे तेवढे कनवटीला होते. त्याने पणती घेतली आणि तो गावातल्या रूपचंदच्या दुकानाकडे निघाला.

दुकानापुढे दहा-बारा माणसं ओळीने उभी होती. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात पणती. कशाला आलास, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. त्यातल्या एका बाईने बहिरूला ओळखलं. तिला कळलं असावं.

‘बहिरूबा, तुमी फुडं व्हा. घरी तिच्यापाशी तुमचं कुनी न्हाई.’

पुढच्या माणसाने वळून बघितलं आणि तो बाजूला झाला. मग त्याच्या पुढचा. एकेक करत आख्खी रांग रस्त्याच्या कडेला सरली. आयुष्यात पहिल्यांदाच बहिरूसाठी कुणी अशी जागा करून दिली होती. तो त्या मोकळ्या वाटेकडे बघत राहिला. त्याचा पाय उचलला नाही.

‘नगं,’ तो म्हणाला. ‘आता मला कसली आलीया घाई? तुमी घ्या.’

आणि तो शेवटी जाऊन उभा राहिला. पण ती माणसं पुन्हा रांगेत आली नाहीत. आपापली वाटी हातात धरून तशीच कडेला उभी राहिली. रूपचंद माप हातात घेऊन थांबला होता.