खांबाच्या रंगाचं लुगडं

चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात इस्लामपूरच्या कोष्टी गल्लीतल्या धरणेंद्रअण्णांच्या सुताच्या दुकानात दोनच रंग शिल्लक होते. एक पांढरा आणि दुसरा खाकी. खाकीला रंग म्हणायचं की नाही, यावर अण्णांचा आणि त्यांचा मेहुणा आदगोंडा याचा दोन महिने वाद चालू होता. रंगाचे डबे यायचे जर्मनीहून, आणि लढाई जुंपल्यापासून ते बंद झाले होते. लढाई करायची त्यांनी खुशाल करावी, पण डबे पाठवायला काय हरकत होती, असं अण्णांचं मत होतं.

अशा दुकानात आकाराम कोष्टी रंग शोधायला आला. तो काही खुळा नव्हता. त्याला विहीण भेटली होती.

झालं होतं असं. आकारामची थोरली मुलगी लीला वडूजच्या रंगूबाईच्या मुलाला, ज्ञानूला, दिली होती. ज्ञानू पलटणीत होता आणि वीस दिवसांच्या रजेवर आला होता. रजेचा अठरावा दिवस लग्नाचा धरला. सुपारी फुटली, गूळ वाटला, सगळं गोड चाललं होतं. आणि मानपानाचं बोलणं निघालं तशी रंगूबाईनं पदर सावरला. सोनं नको म्हणाली. भांडी नको म्हणाली. आकारामला वाटलं, बाई देवमाणूस आहे. मग तिनं मागच्या वर्षीची हकीकत सांगितली. पुतण्याच्या लग्नात तिला मानाचं अंजिरी लुगडं मिळालं होतं. ते नेसून ती मिरवत मांडवात आली, तर आणखी तिघी अंजिरीत. तेही तिनं गिळलं असतं. पण वरातीच्या घोड्याच्या पाठीवर झूल होती, तीही अंजिरी. लोक आधी घोड्याकडं बघत होते आणि मग तिच्याकडं.

"तवा मला लुगडं पायजे," रंगूबाई म्हणाली, "त्यो रंग मांडवात दुसऱ्या कुनाच्या अंगावर नसावा. मानसाच्या न्हाई आन् घोड्याच्या बी न्हाई. दिसला, तर मी पानावर बसायची न्हाई. पोराला घिऊन माघारी."

माघारी म्हणजे संपलंच. ज्ञानूची रजा संपली की पुढची रजा कधी, हे त्याच्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. आणि वरमाय उपाशी उठून गेलेल्या घरची मुलगी कोण करणार? आकारामनं होय म्हणून मान हलवली. ती हलवत असताना घरातल्या रंगीत सुताची त्याला आठवण झाली. ते सगळं मिळून काठापुरतं होतं.

तर आकाराम दुकानात आला आणि त्यानं अण्णांना अडचण सांगितली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खाकीची लडी पुढं केली. मांडवात दुसरी कुठलीच बाई खाकी नेसणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण मुलगा पलटणीतला. त्याच्याबरोबर सहा शिपाई येणार होते, सहाही खाकीत. विहीणबाई सातवी दिसली असती.

आकाराम मटकन पायरीवर बसला. सगळ्या रंगांची नावं त्यानं मनातल्या मनात घेतली. मोरपंखी, गुलबक्षी, आमसुली, राघूच्या पंखाचा, मिरीचा. नावं ढीग होती, सूत नव्हतं. आणि असतं तरी, ज्या रंगाला नाव आहे तो रंग कुणीतरी नेसलेला असणारच. ह्या विचारानं त्याला आणखीच खचल्यासारखं झालं आणि त्यानं मान बाजूच्या खांबाला टेकवली. टेकवायच्या आधी त्याची नजर खांबावर गेली, आणि मान अर्ध्या वाटेतच थांबली.

ह्या खांबाबद्दल सांगायला पाहिजे. कोष्टी माणूस व्यापाऱ्याच्या शब्दावर सूत घेत नाही. तो लडीतला एक धागा काढतो, जिभेवर ओला करतो, चिमटीत धरतो आणि समोर जे काही असेल त्यावर घासतो. रंग उतरला तर लडी परत, नाही उतरला तर घरी. अण्णांच्या दुकानात समोर असायचा हा खांब. अण्णांच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हापासून, म्हणजे पस्तीस वर्षं, गल्लीतल्या प्रत्येक कोष्ट्यानं त्यावर धागे घासले होते. कमरेपासून डोक्यापर्यंत खांबाचं लाकूड दिसतच नव्हतं. तिथं एक रंग होता.

तो रंग कसला होता, हे सांगणं अवघड. आमसुलाच्या सारात मोरपीस उकळलं, त्यात गुलाल पडला आणि घरातलं कुणीच कबूल झालं नाही, असा काहीतरी. डावीकडून बघितला तर जांभळा वाटायचा, उजवीकडून तपकिरी, आणि समोरून बघितला तर आपण काय बघतोय हेच विसरायला व्हायचं. पस्तीस वर्षं सगळे त्याला रोज बघत होते आणि कुणीही बघितला नव्हता.

"अण्णा," आकाराम म्हणाला, "ह्यो रंग पायजे."

"कंचा?"

"ह्यो."

अण्णांनी खांबाकडं बघितलं, मग आकारामकडं. "त्यो खांब हाय, आकाराम."

"व्हय. त्येच म्हनतोय."

पुढं बराच वेळ बोलणं झालं. अण्णांना ते पटेना. खांबावर त्यांच्या वडिलांच्या अंगठ्याचा ठसा आहे, असं त्यांनी सांगितलं. आकाराम म्हणाला, अंगठा ठेवू, बाकीचं रंध्यानं तासू आणि साली उकळू. दोन वर्षांत एक रंगीत लडी आली नाही, कुणी धागा घासला नाही, खांब नुसता बसून खातोय. हे अण्णांना पटलं. त्यांनी एकच अट घातली: रंग कुठल्या दुकानातला, हे विहीणबाईला सांगायचं. आदगोंडाला कुणी विचारलं नाही.

आकारामनं स्वतः रंधा चालवला. अंगठा जिथं होता तिथं वळसा घालून त्यानं चारी बाजूंनी खांब तासला. रंग लाकडात इतका खोल मुरला होता की तासता तासता खांब उसासारखा झाला, आणि वरची तुळई कुरकुरली. अण्णांनी आदगोंडाला हाक मारली. आदगोंडा तालमीतला गडी, मान बैलासारखी. सुतार येईपर्यंत जरा खांदा लाव, असं त्याला सांगितलं. सुतार उद्या येतो म्हणाला होता. आदगोंडानं खांदा लावला.

साली तीन पातेल्यांत उकळल्या. आकारामच्या बायकोनं, सुलाबाईनं, पातेल्यात डोकावून बघितलं आणि वांग्याच्या देठाखाली असतो तसा रंग आहे म्हणून सांगितलं. शेजारीण म्हणाली, छे, म्हशीच्या डोळ्यासारखा. दोघींचं पटलं नाही, तेव्हा आकारामचा जीव भांड्यात पडला. ज्या रंगावर दोन बायकांचं एकमत होत नाही, तो तिसरीच्या अंगावर कुठून असणार? त्यानं सरकारी कंट्रोलचं पांढरं सूत पातेल्यात बुडवलं, वाळवलं, मागावर चढवलं, काठाला घरातलं जुनं लाल सूत घेतलं आणि सहा दिवसांत नऊवार विणून खाली उतरवलं. लुगडं बघून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांची आठवण झाली, म्हणाले.

रंग पक्का आहे का, हे मात्र कुणी बघितलं नाही. ते बघायला खांब लागतो, आणि खांब पातेल्यात होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, वऱ्हाड आलं. घोडा ह्या खेपेला झुलीशिवाय आणला होता. रंगूबाईनं तो स्वतः चहूबाजूंनी बघून घेतला. सीमांतपूजनाला सुलाबाईनं लुगडं तिच्या हातात दिलं. रंगूबाई कोष्ट्याच्याच घरातली. तिचा अंगठा सवयीनं जिभेकडं निघाला आणि अर्ध्यातून परत आला, कारण मानाच्या लुगड्याला थुंकी लावत नाहीत. तिनं ते डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि समोरून बघता बघता आपण काय बघतोय हेच विसरली. मग कुठल्या दुकानातलं, एवढं विचारलं. आकारामनं सांगितलं. ती काय म्हणाली तर बरं म्हणाली. त्या रात्री आकाराम दोन आठवड्यांनी नीट झोपला.

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं, आणि वैशाखातलं ऊन. रंगूबाई नवं लुगडं नेसून पाटावर बसली आणि रीतीप्रमाणे सुलाबाईनं तिचे पाय धुतले. ताटातलं पाणी आधी नितळ होतं. मग लुगड्याचा घोळ त्यात भिजला आणि त्याला रंग आला. सुलाबाईनं हात वर घेतले तर मनगटापर्यंत खांब झाला होता.

आकारामनं ते बघितलं आणि पस्तीस वर्षांचा हिशेब त्याला एकदम लागला. पक्का रंग खांबावर उतरत नाही. पक्का रंग कोष्टी घरी नेतो. खांबावर राहिला होता तो सगळाच्या सगळा कच्चा रंग. गल्लीनं निवडून, पारखून, नापास केलेला. त्यानं सबंध इस्लामपुरातला फुटका रंग गोळा केला होता आणि विहिणीला नेसवला होता.

आता थांबवणार कसं? विहिणी भेटल्या, म्हणजे एकमेकींना मिठ्या मारल्या, आणि सुलाबाई पुढून रंगली. रंगूबाईनं सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, लीलाच्या दोन्ही गालांवर पाच-पाच बोटं उठली. घाम चालू होता. नवऱ्या मुलाचा फेटा तिनं सारखा केला, फेटा रंगला. मुलाच्या सहा दोस्तांच्या पाठीवर कौतुकानं थापा मारल्या, सहा खाकी पाठींवर सहा पंजे. बायकांत दाटीवाटीनं बसली तेव्हा डावीकडची रंगली, उजवीकडची रंगली, आणि त्या दोघी पुढं पाणी द्यायला उठल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजींचं उपरणंसुद्धा त्यातून सुटलं नव्हतं. आणि शेवटी, झूल नसलेला घोडा बघून तिला समाधान वाटलं, म्हणून ती जवळ गेली आणि तिनं त्याची मान थोपटली. घोडा पांढरा होता.

आकाराम मांडवाच्या मेढीला धरून उभा राहिला. मेढ केळीच्या सोपटांनी झाकलेली होती, लाकूड दिसत नव्हतं, एवढं त्यातल्या त्यात बरं.

मग आहेराचा पुकारा सुरू झाला. पुकाराला गल्लीतला नाथाजी होता, त्याचा आवाज ताकारी गावापर्यंत जायचा. अमक्याकडून मंदील, तमक्याकडून चोळखण, असं होता होता तो मानाच्या लुगड्यावर आला. पुकाऱ्यात रंग सांगायची रीत होती.

"आकाराम कोष्टी यांच्याकडून विहीनबाईंना नऊवारी लुगडं," नाथाजीनं सुरुवात केली, "रंग..." आणि त्यानं रंग बघायला रंगूबाईकडं मान वळवली. आवाज ताकारीच्या वाटेवर कुठंतरी थांबला.

सगळा मांडव वळला. रंगूबाईनं आधी लोकांकडं बघितलं. सुलाबाईकडं, सुनेच्या गालांकडं, सहा पाठींकडं, भटजींच्या उपरण्याकडं. घोड्याकडं ती जरा जास्त वेळ बघत राहिली. आकारामला दिसत होतं, मुलगा बोहल्यावरून उठतोय, वऱ्हाड वडूजच्या वाटेला लागतंय, आणि लीला गालांवर बोटं घेऊन दारात उभी आहे. रंगूबाईचा हात पदराकडं गेला. पदर झटकायचा आणि उठायचं, असा तो हात होता.

हातात पदर आला आणि तिनं पदराकडं बघितलं.

सगळ्यांना वाटून वाटून लुगड्यात रंग उरला नव्हता. लाल काठ तेवढा जागेवर होता. मधे जे राहिलं होतं, ते ताकात हळदीचं बोट बुडवून कुणीतरी विचार बदलावा, तसं होतं. तिनं पदर उन्हात धरला. डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला. मग कोष्ट्याच्या घरातली ती बाई एवढ्या लोकांसमोर अंगठा जिभेला लावून पदरावर घासती झाली. अंगठा कोरा आला. ह्या खेपेला पक्का होता.

"नाथाजी," ती म्हणाली, "ह्यो रंग मांडवात आनि कुनाच्या अंगावर हाय?"

नाथाजीनं मान उंच करून शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं. "न्हाई बा."

"घोड्याच्या?"

"घोडं तुमच्या सकाळच्या रंगाचं हाय, आक्का."

रंगूबाईनं थोडा विचार केला. मागच्या लग्नात तिनं घोड्याचा रंग नेसला होता. ह्या लग्नात घोड्यानं तिचा नेसला होता. फरक होता. तिनं पदर खांद्यावरून नीट घेतला.

"मग पानं मांडा की," ती म्हणाली. "पोरं उपाशी हायती."

नाथाजीनं रंगाच्या जागी नुसतं "एकमेव" असं पुकारलं, आणि ते ताकारीपर्यंत गेलं. रंगूबाईनं पाच बुंदीचे लाडू खाल्ले. आकारामनं ते मोजले नाहीत, पण एकेक लाडू तिच्या तोंडात जाताना मेढीभोवतीचे त्याचे हात सैल होत गेले. तिसऱ्या दिवशी ज्ञानू पलटणीत गेला. त्याच्या सहा दोस्तांना हवालदारानं पाठीवरच्या पंज्यांबद्दल विचारलं आणि त्यांनी आशीर्वाद आहे म्हणून सांगितलं, असं त्याचं पत्र आलं.

लग्नाच्या गडबडीतून मोकळा झाल्यावर आकाराम लाडवांचा डबा घेऊन अण्णांच्या दुकानात गेला. सुतार अजून उद्या येणार होता. आदगोंडा तुळईखाली उभा होता. जेवायला आणि झोपायला जाताना तो तेवढ्यापुरतं अण्णांना खांदा द्यायला लावायचा. मधल्या आठवड्यात सोलापूरहून कुणाच्या तरी जुन्या साठ्यातली रंगीत लडींची एक पेटी दुकानात आली होती, आणि सगळी गल्ली धागे ओले करून हजर झाली होती. खांब राहिला होता उसाएवढा, त्यावर चिमूट टेकेना. म्हणून लोकांनी समोर जे होतं त्यावर धागे घासले होते.

आदगोंडाच्या सदऱ्याची पाठ आकारामनं डावीकडून बघितली. मग उजवीकडून बघितली.

आकारामला लग्नाची आणखी एक मुलगी होती.